द्वारका ते द्वारका : तिकिटावरचे दोन तास आणि आपले नऊ तास



मागच्या प्रभाग संघाच्या सभेत दिल्लीच्या प्रदर्शनाचा विषय निघाला आणि एका ताईंनी विचारलं, "विमान दोन तासांत दिल्लीला पोचतं ना? मग सकाळी निघून दुपारी स्टॉल लावता येईल की." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प बसले. कारण हाच हिशेब गेल्या वर्षी मी केला होता आणि तो सपशेल चुकला होता. त्याची किंमत दोन गटांनी मोजली. म्हणून या अंकात विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ यावरच लिहायचं ठरवलं.

आधी पत्त्याचं बोलू. यंदाचं प्रदर्शन दिल्लीत आहे आणि तेही द्वारकेत! आपल्याला द्वारका म्हटलं की नाशिकचं द्वारका सर्कल डोळ्यांसमोर येतं. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे भेटतात, वरून उड्डाणपूल गेला तरी खालची कोंडी जिथली तशीच आहे, ती जागा. दिल्लीतही द्वारका नावाचं मोठं उपनगर आहे, विमानतळाला अगदी लागून. तिथल्या सेक्टर २५ मध्ये 'यशोभूमी' हे मोठं प्रदर्शन केंद्र आहे, सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आणि तिसरी, खरी जुनी द्वारका गुजरातमध्ये, समुद्राच्या काठी.

हे मुद्दाम सांगते, कारण मोबाइलच्या नकाशात नुसतं 'द्वारका' टाकलं की तो आपल्याला कुठलीही द्वारका दाखवतो. आमच्या एका सीआरपी ताईंनी घरी बसून अंतर पाहिलं आणि मला फोन केला, "ताई, साडेपाचशे किलोमीटरच आहे की, उगाच विमान कशाला?" त्यांनी पाहिली होती कृष्णाची द्वारका. नाशिकहून सरळ रेषेत ती साधारण तेवढीच आहे. दिल्लीची द्वारका आपल्या सर्कलपासून सरळ रेषेत सुमारे १,०१० किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पत्ता टाकताना पूर्ण टाका : यशोभूमी, द्वारका सेक्टर २५, नवी दिल्ली. पार्सल पाठवतानाही पिनकोडसकट.

आता 'सरळ रेषेत' म्हणजे काय ते बघू. नाशिक ते दिल्ली अंतर किती, असं तीन जणींना विचारलं तर तीन उत्तरं येतील आणि तिन्ही बरोबर असतील. द्वारका सर्कलवरून जाणारा आग्रा रस्ता धरला, म्हणजे धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा करत गेलं, तर साधारण साडेबाराशे किलोमीटर. नाशिकरोडहून रेल्वेनं भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी करत गेलं तर साडेतेराशेच्या आसपास. रेल्वे आधी पूर्वेला जाते आणि मग उत्तरेला वळते, म्हणून ती जास्त. आणि ओझर विमानतळ ते दिल्ली विमानतळ हे हवेतलं अंतर सुमारे ९९० किलोमीटर. विमानाला घाट नाही, नदीवरचा पूल नाही, गावाला वळसा नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, सर्कलपासून १,०१० आणि विमानतळापासून ९९०. हे वीस कुठे गेले? ओझर आपल्या ईशान्येला आहे, म्हणजे दिल्लीच्याच बाजूला. विमानतळावर पोचलात की तेवढ्या दिल्ली जवळ आलेल्या असता. इंटरनेटवर कोणी शहराच्या मध्यापासून मोजतं, कोणी विमानतळापासून. दहा-वीस किलोमीटरच्या फरकानं गोंधळून जाऊ नका.

गोंधळ व्हावा असा फरक वेगळाच आहे. कुठे तुम्हाला ९९० दिसेल, कुठे ६१५, कुठे ५३५. वाटतं, यातलं एकच खरं असणार. पण अंतर तेच आहे, मापं वेगळी आहेत. ९९० आहेत किलोमीटर. ६१५ आहेत मैल, एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. आणि ५३५ आहेत सागरी मैल. तो मैल थोडा मोठा, १.८५२ किलोमीटरचा. जहाजं आणि विमानं चालवणारे हाच वापरतात. आपल्याला मैल नवा नाही. विमानतळाला जाताना जिथून वळायचं त्या फाट्याचं नावच दहावा मैल आहे. दहा मैल म्हणजे १६ किलोमीटर. धान्य पायलीनं मोजलं काय आणि किलोनं मोजलं काय, पोत्यातले दाणे तेवढेच. आकडा वाचताना त्याच्या पुढचं माप वाचायची सवय लावून घ्या.

आता वेळ. मोठं प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या वर वेगानं जातं, जमिनीपासून दहा-अकरा किलोमीटर उंचावर. मग ९९० भागिले ८०० केलं की येतात सव्वा तास. काही ठिकाणी 'नाशिक ते दिल्ली विमानाचा वेळ' म्हणून हाच सव्वा तास लिहिलेला असतो. तिकिटावर मात्र दोन तासांच्या आसपास वेळ असतो. हे पाऊण तास कशाचे?

एसटीचं उदाहरण घ्या. गाडी स्टँडवरून मागे घेऊन बाहेर काढायची, फाटकातून रस्त्याला लागायची, मग वेग धरायचा, पुढच्या गावाजवळ पुन्हा हळू, आणि स्टँडवर जागा मिळेपर्यंत उभं राहायचं. विमानाचं अगदी तसंच. जागेवरून निघालं की ते धावपट्टीच्या टोकापर्यंत जमिनीवरून चालत जातं. उडाल्यावर पूर्ण उंची गाठेपर्यंत वीसेक मिनिटं जातात आणि तोवर त्याचा वेग कमी असतो. उतरायची तयारी तर दीड-दोनशे किलोमीटर आधीपासून सुरू होते. शिवाय आकाशातही रस्ते आखलेले असतात, विमान रेघोटी मारल्यासारखं सरळ जात नाही. दिल्ली हा देशातला सगळ्यात गर्दीचा विमानतळ. उतरायला रांग असली तर विमान वरच घिरट्या घालतं. तिकिटावर लिहिलेला वेळ हा जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो. विमानवाल्यांच्या भाषेत त्याला 'ब्लॉक टाइम' म्हणतात. कंपन्या त्यात थोडी सवडही धरून ठेवतात, म्हणून कधी कधी विमान वेळेआधी पोचतं आणि सगळे खूश होतात.

(ओझरला आपल्या डोक्यावरून कानठळ्या बसवत जातात ती विमानं वेगळी. ती तिथल्या एचएएलच्या कारखान्याची लढाऊ विमानं. हा कारखाना १९६४ पासूनचा, आधी मिग, नंतर सुखोई. आपलं प्रवासी विमान तीच धावपट्टी वापरतं, पण प्रवाशांची इमारत जानोरीच्या बाजूला आहे. ओझर गावात उतरून 'विमानतळ कुठंय' विचारत फिरू नका. दहाव्या मैलावरून आत वळायचं.)

इथपर्यंतचं गणित मला गेल्या वर्षीही येत होतं. चुकलं ते पुढचं.

सिन्नरकडच्या दोन ताई होत्या. एकीचे नागलीचे पापड आणि बिस्किटं, दुसरीचे मसाले. तीन दिवसांचं प्रदर्शन, विमान दुपारी दोनचं. दोघींचा पहिलाच विमानप्रवास, मी जाणार होते त्यांना सोडायला. मी सांगितलं, "सव्वाबाराला द्वारकेला भेटू. तिथून वीस किलोमीटर, अर्ध्या तासात पोचू, आरामात." दोघी वेळेत आल्या, नव्या साड्या, हातात खोकी. मीही वेळेत. आणि त्या दिवशी सर्कलला एक ट्रक बंद पडलेला. आडगाव नाक्यापर्यंत पोचायलाच पाऊण तास गेला. विमानतळावर उतरलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. विमान समोर काचेतून दिसत होतं. पण सामान घ्यायचा काउंटर बंद झाला होता.

मी खूप विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं नियमानं बरोबरच होतं. एक ताई मला म्हणाल्या, "ताई, आमच्या एसटीला निदान मागून पळत जाऊन हात तरी करता येतो." तेव्हा हसू आलं नाही. त्या दोघी परत नाशिकरोडला आल्या, रात्रीच्या गाडीत जनरल डब्यात खोकी मांडीवर घेऊन बसल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री दिल्लीत पोचल्या. प्रदर्शनाचा पहिला दिवस रिकाम्या स्टॉलवर गेला. तिकिटांचे पैसे गटांच्या नफ्यातून भरले होते, ते गेले. चूक माझी होती. हिशेब त्यांच्या वहीत लागला.

त्यातलं एक मला नंतर कळलं, ते तुम्हाला आधीच सांगते. विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मागता येतं. मूळ भाडं जातं, पण एवढं तरी मिळतं. आपण मागितलंच नाही.

तर आता हिशेब उलटा करायचा. निघायच्या वेळेपासून पुढे मोजायचं नाही, विमान सुटायच्या वेळेपासून मागे यायचं. आपण लग्नाच्या मुहूर्तावरून मागे येत हळद, मांडव, बस्ता ठरवतो ना, तसं.

समजा विमान दुपारी ३ वाजताचं आहे. सामान घ्यायचा काउंटर बहुतेक कंपन्या ४५ मिनिटं ते १ तास आधी बंद करतात. आपण १ तास धरू, म्हणजे २ वाजता दार बंद. आत गेल्यावर तपासणीची रांग, शिवाय पहिल्यांदा जाणारीला कुठे जायचं हे विचारण्यात वेळ जातो. म्हणून दोन तास आधी, म्हणजे १ वाजता विमानतळाच्या दारात. द्वारका सर्कलहून तिथपर्यंत मोकळ्या रस्त्याला पाऊण तास पुरतो, पण सर्कलचा काही भरवसा नाही. म्हणून पावणेबाराला द्वारका सोडायची. सिन्नरहून द्वारकेला एसटीची वाट पाहणं धरून सव्वा तास, म्हणजे साडेदहाला सिन्नर स्टँड. आणि गावातून सिन्नरला यायला पाऊण तास. घर सोडायचं पावणेदहाला.

आता पुढची बाजू. विमान ५ वाजता दिल्लीत थांबलं. विमानातून उतरून पट्ट्यावर सामान येईपर्यंत पाऊण तास धरा. तिथून मेट्रोनं द्वारका. टर्मिनल ३ ला उतरलात तर एअरपोर्ट मेट्रोचं स्टेशन तिथेच आहे आणि तिथून यशोभूमी दुसरंच स्टेशन. टर्मिनल १ ला उतरलात तर मेट्रोची लाइन वेगळी, बदलावी लागते. दिल्लीत एकाहून जास्त टर्मिनल आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. येताना आणि विशेषतः परतताना तिकिटावर 'टी' पुढचा आकडा नीट बघा. जिने, चालणं, विचारपूस धरून साडेसहाला आपण मुक्कामी.

पावणेदहा ते साडेसहा. पावणेनऊ तास. तिकिटावर दोन.

पिंपळगाव, चांदवड, दिंडोरीकडच्या ताईंनो, तुम्ही मात्र द्वारकेला यायचंच नाही. विमानतळ तुमच्या वाटेवर किंवा जवळ आहे. केवळ सगळ्याजणी द्वारकेला जमतात म्हणून उलट येऊन पुन्हा माघारी जायचं हा वेडेपणा आपण दोनदा केला आहे.

रेल्वेचाही हिशेब असाच घराच्या उंबऱ्यापासून मांडू. सिन्नरकडून येणाऱ्यांना नाशिकरोड द्वारकेच्या आधीच लागतं, त्यामुळे सर्कलची कटकट नाही. राजधानी नाशिकरोडला संध्याकाळी मिळते आणि सुमारे १५ तासांत दिल्लीला हजरत निजामुद्दीन स्टेशनात सोडते. घर ते मुक्काम १९-२० तास. पंजाब मेलला सुमारे २२ तास लागतात, ती नवी दिल्ली स्टेशनला जाते, आणि तिथून विमानतळाचीच मेट्रो थेट यशोभूमीपर्यंत येते, म्हणजे उतरल्यावरची धावपळ कमी. घर ते मुक्काम २६-२७ तास धरा.

म्हणजे विमानानं वाचतात ते दहा ते अठरा तास. कमी नाहीत. पण 'दोन तास विरुद्ध बावीस तास' असं जे आपण समजतो, तेवढे नक्कीच नाहीत. आणि राजधानीच्या पंधरांतली रात्र झोपेत जाते.

एका ताईंनी याचा फार चांगला हिशेब मांडला. त्यांच्या दोन म्हशी आहेत. त्या म्हणाल्या, "मला तास सांगू नका, धारा सांगा." विमानानं गेलं तर सकाळची धार काढून निघता येतं, त्या दिवसाची संध्याकाळची चुकते. रेल्वेनं गेलं तर संध्याकाळची, दुसऱ्या सकाळची, आणि मेल असली तर दुसऱ्या संध्याकाळचीही. येताना पुन्हा तेवढ्याच. प्रत्येक चुकलेली धार म्हणजे जावेला नाहीतर शेजारणीला सांगणं. ज्यांचं लहान मूल घरी आहे, त्यांनी रात्री मोजाव्यात. वेळ सगळ्यांचा सारखा नसतो, तुमचं घर कशावर अडतं ते माप घ्या.

आता सामान. इथे विमान मागे पडतं. देशातल्या साध्या तिकिटावर सहसा १५ किलो सामान आत देता येतं आणि ७ किलो हातात. त्यापुढे दर किलोला जादा पैसे, आणि ते पापडाच्या नफ्याला खाऊन टाकतात. रेल्वेत स्लीपर किंवा थ्री एसीला ४० किलोपर्यंत मोफत नेता येतं. दोघींचे ८० किलो. स्टॉलसाठी माल न्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे : मालाबरोबर रेल्वे. नुसती खरेदीदारांची बैठक असेल, नमुन्याची चार पाकिटं न्यायची असतील, तर विमानाचा विचार करा.

विमानात काय चालत नाही हेही वेळेशीच जोडलेलं आहे, कारण तपासणीत बॅग उघडली की तुमची वीस मिनिटं गेली. तिखट, मसाला, लोणचं, विळी-सुरी, कात्री हातातल्या बॅगेत नको. मसाला आणि लोणचं मोठ्या सामानात, घट्ट बांधून द्या. सुकं खोबरं कुठल्याच बॅगेत नको, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणारं समजतात. मोबाइलची पॉवर बँक मात्र उलट, ती हातातच ठेवायची, मोठ्या सामानात चालत नाही. आणि तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे निम्म्या जणींचं आधार माहेरच्या नावावर आणि गटाच्या वहीत सासरचं. तिकीट काढणाऱ्याला आधारच दाखवा, वही नको.

थंडीत आणखी एक गोष्ट धरावी लागते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं दाट पडतं. त्यात विमानंही रखडतात आणि गाड्याही. त्या दिवसांत प्रदर्शनाच्या दिवशी पोचायचा बेत करूच नका, एक दिवस आधी पोचा. विमान रखडलं तर आपले काही हक्क आहेत. नाशिक-दिल्लीसारख्या अडीच तासांच्या आतल्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर कंपनीनं खाणं-पाणी द्यायचं असतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं एक निवडता येतं. हे मागावं लागतं, कोणी आणून देत नाही.

आणि ओझरहून दिल्लीचं विमान आहे म्हणून ते कायम असेल असंही धरू नका. २०१८ मध्ये जेट एअरवेजनं नाशिक-दिल्ली सुरू केलं होतं, एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. नंतर दुसऱ्या कंपन्या आल्या. वेळाही हंगामाप्रमाणे बदलतात. गेल्या वर्षीच्या वहीतली वेळ बघून यंदाचा बेत आखू नका.

सभेत दिल्लीचं बोलणं संपलं तेव्हा मागे बसलेल्या एका ताई हळूच म्हणाल्या, "आणि परदेशाचं कसं असतं?" त्यांचा मुलगा दुबईला कामाला निघाला आहे. तिकिटावर लिहिलंय : मुंबईहून सकाळी १० वाजता, दुबईत पावणेबारा वाजता. ताईंना वाटलं पावणेदोन तासांचा प्रवास, म्हणजे दिल्लीपेक्षाही जवळ! मुलाचा फोन बारापर्यंत आला नाही तर काय, याची त्यांना आतापासूनच काळजी.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. भारतात सगळीकडे एकच घड्याळ आहे, म्हणून नाशिक-दिल्लीला हा प्रश्न येत नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. तिथे पावणेबारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सव्वा वाजलेला असतो. म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. मुंबई-दुबई अंतर आहे सुमारे १,९३० किलोमीटर, दिल्लीच्या जवळपास दुप्पट, म्हणून तेवढा वेळ बरोबरच आहे. येताना उलटा चकवा बसतो : दुबईहून दुपारी १ ला निघालेलं विमान मुंबईत सव्वापाचच्या सुमाराला पोचेल, आणि वाटेल सव्वाचार तास लागले. लागले पावणेतीन. साधा उपाय आहे, दोन्ही वेळा भारताच्या घड्याळात लिहा आणि मग वजाबाकी करा. त्या ताईंना मी कागदावर लिहून दिलं : विमान भारताच्या सव्वा वाजता उतरेल. बाहेर पडायला तास-दीड तास. फोनची वाट तीनच्या पुढे बघायची, बारापासून नाही.

अमेरिकेचं तर आणखी नवल. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ सरकवतात. मुंबईहून पहाटे दीडला निघालेली मुलगी तिथे त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरते. सहा तास वाटतात, असतात साडेपंधरा. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. तेवढा वेळ तिचा फोन बंद लागला तर घाबरू नका.

या लांबच्या अंतरात सरळ रेषा वेगळीच निघते. शाळेतल्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क रेघ मारली तर ती अरबस्तानावरून, समुद्रावरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. घरातला माठ घ्या. त्याच्या फुगीर भागावर, मधल्या घेरापेक्षा थोड्या वर, खडूनं दोन ठिपके काढा, एक या बाजूला, एक जवळजवळ पलीकडे. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी ताणून धरा. ती आडवी घेरावरून जात नाही, वर गळ्याच्या बाजूला सरकते आणि पलीकडे उतरते. तोच जवळचा रस्ता. म्हणून अमेरिकेला जाणारं विमान आधी उत्तरेकडे चढतं, थंड मुलखाच्या दिशेनं. पोरांना हे करून दाखवा, भूगोलाच्या तासापेक्षा लवकर कळेल.

प्रत्यक्षात विमान त्या सुतळीवरूनच जाईल असं नाही. वारा असतो, आणि देशादेशांची भांडणंही. वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, म्हणून मुंबईहून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. दोन शहरांतलं अंतर तेच होतं. वेळ आणि इंधन वाढलं.

तर दिल्लीचं असं ठरतंय : मसाले आणि नागलीचा माल घेऊन दोघी ताई रेल्वेनं दोन दिवस आधी निघतील. यात गेल्या वर्षीच्या पापडवाल्या ताई पुन्हा आहेत, त्यांनी स्वतःहून नाव दिलं. म्हशीवाल्या ताई नमुने घेऊन विमानानं येतील, मी त्यांच्याबरोबर. गाडी सर्कलवर उभी करायची नाही, आडगाव नाक्याच्या पुढे भेटायचं आणि अकराला.

आणखी ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी पुढच्या मासिक सभेला आधार कार्ड घेऊन या. तुमच्या गावापासूनचा हिशेब आपण तिथेच, विमानाच्या वेळेपासून मागे येत, वहीत मांडू.